आपल्या हातांची मर्यादा ओळखणारा शस्त्रवैद्य

आजारपणात आपण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हातांकडे मोठ्या आशेने पाहतो. त्या हातांवर सोळाव्या शतकातील एका न्हाव्याच्या शागिर्दाचे ऋण आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आंब्रुआज पारे हे त्याचे नाव. सुमारे 1510 साली फ्रान्समधील लाव्हाल गावाजवळ त्याचा जन्म झाला. त्या काळी विद्वान वैद्य लॅटिन ग्रंथ वाचून औषधे सांगत, आणि कापाकापीचे काम हलके समजून न्हाव्यांवर सोपवीत. पारे हेच काम शिकला. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात त्याने सुमारे तीन वर्षे रुग्णांची सेवा केली आणि मग तो सैन्याबरोबर रणांगणावर गेला.

बंदुकीच्या गोळीची जखम विषारी असते, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून तीत उकळते तेल ओतीत. 1537 च्या सुमारास तुरिनच्या मोहिमेत पारेजवळचे तेल संपले. त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. आपल्या हातून माणसे दगावतील या धास्तीने त्याला रात्रभर झोप आली नाही. पहाटे पाहतो तो लेप लावलेले सैनिक शांत होते, आणि तेलाने भाजलेले मात्र तापाने व सुजेने तळमळत होते. त्या दिवसापासून त्याने उकळत्या तेलाचा त्याग केला.

पुढे 1552 साली दांव्हियेच्या वेढ्यात त्याने आणखी एक पाऊल टाकले. पाय कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत होती. पारेने डाग न देता तुटलेल्या रक्तवाहिन्या चिमट्याने ओढून दोऱ्याने बांधल्या. जखमेतील रक्तवाहिनी बांधण्याची युक्ती प्राचीनांना ठाऊक होती. अवयव कापताना ती वापरण्याचे धैर्य त्याने दाखविले.

शरीरातील इंद्रिये आपली जागा सोडतात, त्या दुखण्यांकडेही त्याचे लक्ष होते. अंतर्गळाच्या रोग्यांचे वृषण काढून टाकणारे भोंदू तेव्हा गावोगाव हिंडत. पारेने त्यांचा कडक निषेध केला आणि आतडे आत राखणाऱ्या पट्ट्याचा पुरस्कार केला. स्त्रियांचे अंग बाहेर येते, त्यावर गर्भाशय आत सावरून धरण्यासाठी मेण लावलेल्या बुचाच्या लंबगोल पेसऱ्या त्याने वर्णिल्या. वाचकहो, आजही अशा स्त्रियांना डॉक्टर पेसरी बसवितात. तिचा पदार्थ तेवढा बदलला आहे. लाजेपोटी हे दुखणे वर्षानुवर्षे लपविणाऱ्या माता-भगिनी आपल्याही घरांत असतील. ज्या दुखण्याविषयी त्या काळच्या शस्त्रवैद्याने उघडपणे लिहिले, त्याविषयी आपण गप्प का राहावे?

त्याच्या ग्रंथातील दोन हकिगती विशेष विलक्षण आहेत. एका कप्तानाला छातीत गोळी लागली. बाहेरची जखम भरून आली, पण पोटात कळा येत राहिल्या आणि आठ महिन्यांनी तो तीव्र पोटशूळाने मरण पावला. शव उघडल्यावर दिसले, की छाती व पोट यांमधील पडद्याला करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढे छिद्र होते, आणि त्यातून मोठ्या आतड्याचा बराच भाग छातीत शिरला होता. दुसरी हकीगत एका शिंप्याची. चेंडूचा खेळ खेळता खेळता तो कोसळला व गतप्राण झाला. त्याच्या छातीत रक्त साचले होते. एक मोठी रक्तवाहिनी मुठीएवढी फुगून फुटली होती आणि तिचे आतले अस्तर हाडासारखे कठीण झाले होते. हातापायांतील लहान फुगा दोरा बांधून आवरता येईल. पण काख, जांघ, मान येथील मोठ्या रक्तवाहिन्यांचे फुगे उघडले तर उपचारापूर्वीच मृत्यू गाठील, असा इशारा पारेने दिला.

या दोघांपैकी कोणालाही तो वाचवू शकला नाही. 1559 साली भाल्याने जखमी झालेला राजा दुसरा हेन्री हाही त्याच्या डोळ्यांदेखत गेला. तरीही पराभवाच्या या कथा त्याने झाकल्या नाहीत. मृत कप्तानाच्या छातीतील ते छिद्र त्याने नोंदले, म्हणून पुढच्या शस्त्रवैद्यांना तशा जखमेत काय शोधावे हे कळले. आज ते छिद्र टाक्यांनी शिवता येते.

हे सर्व त्याने फ्रेंच भाषेत लिहिले, कारण त्याला लॅटिन येत नव्हते. 1575 साली त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हा पॅरिसच्या विद्वान वैद्यांनी आक्षेप घेतला. पण ज्यांच्या हाती सुरी होती, त्या साध्या शस्त्रवैद्यांना आपल्या बोलीतील पुस्तक हवेच होते. गंमत अशी, की 1582 साली तोच ग्रंथ लॅटिनमध्ये भाषांतरित झाला! पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा इतिहास जाणणाऱ्यांना या घटनेचे मोल सांगावयास नको. जीव वाचविणारे ज्ञान लोकांच्या बोलीत आले, की ते लोकांचे होते.

चार राजांची सेवा करून पारे 20 डिसेंबर 1590 रोजी पॅरिसमध्ये निवर्तला. रोगी बरा झाला, तर त्याचे श्रेय तो देवाला देई. रोगी गेला, तर कारण शोधून लिहून ठेवी. वाचकहो, यश देवाचरणी वाहणे आणि अपयशातून शेजाऱ्यासाठी धडा मागे ठेवणे, ही दोन्ही कामे करणारा मनुष्य विरळाच.