जोतीरावांची रात्रशाळा व आमचा परभणी जिल्हा

थोर पुरुषांच्या चरित्रांतील जीं अंगें लोकांच्या डोळ्यांसमोर नेहमींच असतात त्यांचीच उजळणी करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. महात्मा जोतीराव फुले यांचें नांव निघालें कीं मुलींची शाळा, अस्पृश्यांस मोकळा केलेला हौद व सत्यशोधक समाज या तीन गोष्टींपाशीं बहुतेकांची माहिती संपते. या तीन गोष्टी लहान नाहींत. परंतु त्यांखेरीज जोतीरावांचें एक चौथें कार्य आहे व त्याकडे आमच्या जिल्ह्यानें विशेष लक्ष देण्याची गरज आहे. दिवसां कष्ट करणाऱ्या प्रौढ माणसांसाठीं सन १८५५ मध्यें त्यांनीं पुण्यास रात्रीची शाळा उघडली, आणि पुढें सत्तावीस वर्षांनीं, शाळेबाहेर राहून शिकणाऱ्यासहि परीक्षेचा दरवाजा उघडा असला पाहिजे असा आग्रह सरकारपुढें धरला. शाळा सुटली म्हणून विद्या सुटूं नये, हें या दोन्ही गोष्टींमागचें एकच तत्त्व होय. तें कोठून आलें हें समजण्यास त्यांचें चरित्र आरंभापासून पाहिलें पाहिजे.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ मध्यें पुण्यास झाला. त्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, आडनांव गोऱ्हे. पेशवाईंत फुलांचा व्यवसाय केल्यामुळें त्यांस फुले हें नांव पडलें. आई चिमणाबाई लहानपणींच वारल्या. वडील गोविंदराव यांनीं मुलास मराठी शाळेंत घातलें खरें. पण माळ्याचें पोर शिकलें तर मळ्याच्या कामांतून जाईल असें त्यांच्या मनांत भरविणारे सल्लागार भेटले, व मुलाचें नांव शाळेंतून निघालें. पाटी गेली आणि हातीं खुरपें आलें. आमच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत असे किती जोतीराव पाटी टाकून शेतावर गेले असतील याचा हिशेब कोणीं ठेवला आहे?

परंतु या मुलाच्या दैवानें दोन सज्जन शेजारीं होते. एक गफार बेग मुनशी व दुसरे लिजिट साहेब. मुलाची बुद्धि त्यांच्या नजरेस आली व त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली. सन १८४१ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षीं, जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाले. त्या काळीं या वयांत मुलाचें लग्न होऊन त्यास घरचें कर्तें माणूस समजूं लागत. जोतीरावांचेंहि लग्न त्यापूर्वींच, सन १८४० मध्यें, झालेलें होतें. तरीहि ते पुन्हां बांकावर जाऊन बसले, व सन १८४७ मध्यें त्यांनीं इंग्रजी शिक्षणाचा क्रम पुरा केला. एकदां तुटलेलें शिक्षण पुन्हां सांधतां येतें, मात्र सांधणारा कोणी तरी भेटावा लागतो, ही गोष्ट त्यांनीं पुस्तकांत वाचलेली नव्हती. ती त्यांच्या अंगावरून गेलेली होती.

दुसरा धडा त्यांस घरांतच मिळाला. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई या नायगांवच्या. लग्नाच्या वेळीं त्या नऊ वर्षांच्या असून त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीनें त्यांस घरीं शिकविलें. पुढें त्यांनीं शिक्षिकेच्या कामाचें रीतसर शिक्षणहि घेतलें. सन १८४८ मध्यें बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली तेव्हां हीच बाई शिकविण्यास उभी राहिली. तिच्यावर शेणमाती पडली, व सन १८४९ मध्यें उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें. पण शाळा सुटली नाहीं. लग्न झालेल्या, घरकामांत गुंतलेल्या स्त्रीस मागाहून शिकवितां येतें काय, या शंकेस सावित्रीबाईंहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

या अनुभवांवर सन १८५५ ची रात्रशाळा उभी राहिली. शेतकरी व मजूर दिवसभर राबून सायंकाळीं मोकळे होत, तेव्हां जोतीराव व सावित्रीबाई त्यांस लिहिण्यावाचण्यास बसवीत. मुलांच्या शाळा चालूं असतां मोठ्या माणसांच्या मागें लागण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें कारण उघड आहे. सावकाराच्या खतावर अंगठा कोण करतो? सारा भरून पावती न मागतां कोण परततो? मुलगा नव्हे, बाप. आणि मुलास शाळेंतून काढावयाचें कीं ठेवावयाचें याचा निकाल देणाराहि तोच. बाप अडाणी राहिला तर मुलाची शाळा त्याच्या मर्जीवर लोंबकळत राहते. जोतीरावांची स्वतःची शाळा अशीच सुटली होती. म्हणून बापास शिकविणें हें मुलाच्या शिक्षणाचें पहिलें संरक्षण होय.

दिवसभर राबलेलें शरीर रात्रीं काय शिकणार, हा आक्षेप तेव्हांहि होता व आजहि आहे. जोतीरावांस श्रमाची ओळख ऐकीव नव्हती. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाचा ठेका त्यांनीं घेतला होता व तेथील मजुरांचें जिणें जवळून पाहिलें होतें. शिकण्यास अक्कल लागते तितकीच फुरसत लागते, हें त्यांच्या मंडळींनीं ओळखलें होतें. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना केली, व त्यांच्या खटपटीनें सन १८९० मध्यें कामगारांस आठवड्याची सुटी मिळाली. ज्यास आठवड्यांतून एक दिवसहि स्वतःचा नाहीं त्याच्या हातीं पुस्तक देणें ही थट्टा होय.

आतां जोतीरावांच्या आयुष्यांतील ज्या कागदास वकिली धंद्यांतील माणूस सर्वांत अधिक मान देईल त्याकडे वळूं. सन १८८२ मध्यें हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन बसलें. जोतीराव त्या वेळीं पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. आपण व्यापारी व शेतकरी आहों असें सांगून त्यांनीं लेखी साक्ष दिली. उत्तम साक्षीदाराप्रमाणें ते आपल्या माहितीबाहेर जात नाहींत व मुद्दा सोडीत नाहींत. सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर ओतलेली विद्या आपोआप खालीं झिरपेल ही कल्पना अनुभवानें खोटी ठरली, हा त्यांचा पहिला मुद्दा. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शेतकरीवर्गांतून तयार करावे, त्यांस पोटभर पगार द्यावा, आणि मुलांस मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेती, नीति व आरोग्य हे विषय शिकवावे, ह्या त्यांच्या मागण्या.

याच साक्षींत शेवटीं शेवटीं एक लहानसा मजकूर आहे. खासगी रीतीनें अभ्यास करणाऱ्यांस प्रवेशपरीक्षेस, म्हणजे मॅट्रिकला, बसूं देण्याचें मुंबई युनिव्हर्सिटीनें मान्य केलें याबद्दल जोतीराव संतोष व्यक्त करतात, आणि हीच सवलत वरच्या पदवीपरीक्षांसहि लागू करावी अशी विनंति करतात. तसें झाल्यास पुष्कळ तरुण घरबसल्या अभ्यासास लागतील व विद्येचा प्रसार वाढेल, असें त्यांचें कारण. शिकण्याची जागा आणि परीक्षेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ज्यास परवडत नाहीं त्याचा दुसरा हक्क बुडतां कामा नये, हा तो सिद्धांत. त्याच्या अभावीं रात्रशाळा ही केवळ परोपकार राहते; तो मान्य झाला कीं ती हक्काची वाट होते.

जोतीरावांचें राष्ट्रीय सभेविषयींचें मत अनुकूल नव्हतें, हें आम्ही राष्ट्रवादी असून सांगतों. ज्या सभेंत शेतकरी नाहीं ती राष्ट्राची कशी, हा त्यांचा रोख होता. पुढें राष्ट्रीय सभा खेड्यांत शिरली तेव्हांच तिला बळ आलें; म्हणजे आक्षेप खरा होता हें इतिहासानेंच ठरविलें. सन १८८८ च्या मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षीं पक्षाघातानें त्यांचें उजवें अंग गेलें. साठी उलटलेला हा पुरुष तेव्हां डाव्या हातानें लिहावयास शिकला, व त्या हातानें त्यानें आपला शेवटचा ग्रंथ, सार्वजनिक सत्यधर्म, लिहून पुरा केला. तो छापून निघाला सन १८९१ मध्यें. तत्पूर्वीं, सन १८९० च्या नोव्हेंबरांत, जोतीराव वारले होते. वय झालें, आतां काय शिकावयाचें, असें म्हणणाऱ्यानें तो डावा हात आठवावा.

या चरित्राचा आमच्या जिल्ह्याशीं संबंध काय? जोतीराव पुण्यास रात्रशाळा चालवीत होते तेव्हां परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें तेथें शाळा निघाल्या तरी वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू राहिली. मराठी शेतकऱ्याच्या मुलास आपली भाषा ओलांडून विद्येपर्यंत जावें लागे. सन १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान मुक्त झालें, परंतु मागें राहिलेल्या पिढ्यांची बाकी अद्याप फिटली नाहीं. सन २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्यांत चार माणसांमागें सुमारें एकास अक्षरओळख नव्हती, आणि स्त्रियांची स्थिति याहूनहि वाईट होती. जात्यावर अभंग रचणारी जनाबाई ज्या गंगाखेडची, त्याच जिल्ह्याची ही गोष्ट आहे!

कायदा काय म्हणतो तें पाहूं. जोतीरावांनीं सन १८८२ मध्यें मागितलेली सक्ति सन २००९ च्या कायद्यानें, सन २०१० पासून, देशांत लागू झाली. म्हणजे अर्ज केल्यापासून निकालास एकशेंअठ्ठावीस वर्षें लागलीं. पण हा हक्क सहा ते चौदा या वयापुरता आहे. पंधराव्या वर्षीं शाळा सोडलेल्या मुलास, वा आठवीनंतर लग्न झालेल्या मुलीस, या कायद्याचा आधार नाहीं. इकडे पोलीस पाटलापासून एस. टी.च्या कंडक्टरापर्यंत जो तो दहावीचा दाखला मागतो, आय. टी. आय.मधील बहुतेक धंद्यांसहि तोच लागतो. कायदा चौदाव्या वर्षीं हात सोडतो आणि दाखला दहावीचा मागितला जातो. या दोहोंमधील खाईंत आमच्या जिल्ह्यांतील हजारों माणसें उभीं आहेत.

खाईवर एक अरुंद सांकव आहे. परीक्षामंडळ खासगी विद्यार्थ्यांस दहावीस बसूं देतें. त्या अर्जास लोक सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. जोतीरावांनीं ज्या तत्त्वाची तरफदारी केली त्याचेंच हें फळ. परंतु परीक्षेची परवानगी म्हणजे शिकवणी नव्हे. पूर्णेच्या स्टेशनावरील हमाल, मानवतच्या जिनिंगमधील मजूर किंवा जिंतूरच्या डोंगराळ भागांतील शेतकरीण यांस बीजगणित व इंग्रजी कोण समजावून देणार? मुंबई-पुण्यास रात्रीचीं हायस्कुलें झालीं व कित्येक कामगार त्यांतून मॅट्रिक झाले. लहान जिल्ह्यांच्या वांट्यास मात्र फॉर्म तेवढा आला.

आमची सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांच्या प्रत्येक गांवीं निदान एका हायस्कुलानें आपले वर्ग संध्याकाळीं दोन तास प्रौढांसाठीं उघडावे. इमारत आहे, बांक आहेत, दिवा आहे; हें सर्व दिवस मावळतांच कुलपांत जातें. शिक्षकांस या कामाचा योग्य मोबदला मिळावा. जोतीरावांनींहि शिक्षकानें उपाशीपोटीं शिकवावें असें म्हटलें नव्हतें. स्त्रियांचा वर्ग त्यांच्या सोयीनें दुपारीं असावा. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात, आणि मुख्य परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चांत येते. तेव्हां त्यांच्या अभ्यासाचा हंगाम मृगापासून दिवाळीपर्यंतचा धरावा, पुढें पुस्तक कोयत्याबरोबर तळावर जावें, आणि परीक्षेच्या दिवसांपुरती मुकादमानें त्यांस मोकळीक द्यावी.

एवढें करण्यास नवा कायदा नको, नवें कमिशन नको. गफार बेग व लिजिट यांनीं शेजाऱ्याच्या एका मुलाबद्दल त्याच्या बापाशीं शब्द टाकला, यापलीकडे कांहीं केलें नव्हतें. त्या एका शब्दानें महाराष्ट्रास जोतीराव मिळाला. आमच्या प्रत्येक वाचकाच्या ओळखींत शाळा सुटलेला एक तरी माणूस असेलच. त्याच्याशीं तो शब्द टाकावा, त्यास रात्रीच्या वर्गापर्यंत नेऊन बसवावें, आणि वर्ग नसेल तर आपल्या गांवच्या शाळाचालकांकडे तो उघडण्याची मागणी करावी. २८ नोव्हेंबरास प्रतिमेस हार घालण्यापूर्वीं एवढें ज्यानें केलें, त्याचा हार जोतीरावांस पोंचला असें आम्ही समजूं.