अदृश्य सेवकांचा शोधक : सर्गेई विनोग्रादस्की



पुष्कळ घरांत मुलांच्या हट्टापायी फिश टँक येतो. स्वच्छ पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडले जातात, आणि आठ-दहा दिवसांत ते एकेक करून मरतात. पाणी तर आरशासारखे दिसते, मग मासे का मरतात? याचे उत्तर ज्या शास्त्रज्ञाच्या कार्यामुळे मिळाले, त्यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

सर्गेई विनोग्रादस्की यांचा जन्म 1856 साली कीव्ह शहरी झाला. तरुणपणी ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकले. परंतु तेथे मन रमले नाही, म्हणून ते निसर्गविज्ञानाकडे वळले. 1885 मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले व तेथे त्यांनी गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला. 1888 मध्ये ते झुरिचला आले.

त्या काळी एक कोडे होते. शेण, मूत्र, कुजलेला पाला यांतून अमोनिया निघतो, आणि जमिनीत त्याचे नायट्रेट म्हणजे पिकाचे खत बनते. हे काम करतो कोण? 1877 मध्ये श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूतून हळूहळू गाळले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्म देताच काम थांबले. म्हणजे काम करणारे सजीव होते, परंतु त्यांना वेगळे काढणे कोणास जमेना. सगळे जण त्यांना जिलेटिनचे पौष्टिक अन्न देत, आणि त्यावर ते वाढत नसत.

विनोग्रादस्कींनी उलटा विचार केला. त्यांनी पौष्टिक अन्न पूर्ण बंद केले. केवळ अमोनियाचे क्षार व खनिजे दिली. 1890 मध्ये त्यांना यश मिळाले. हे काम दोन टप्प्यांत होते हेही त्यांनी सिद्ध केले : एक जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट.

पुढे रशियात क्रांती झाली आणि त्यांना मायदेश सोडावा लागला. जमीनजुमला गेला, प्रयोगशाळा गेली. तरीही 1922 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे निमंत्रण स्वीकारून त्यांनी मातीतील जीवाणूंचे संशोधन नव्याने आरंभले. 1949 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ प्रकाशित झाला. 1953 मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता फिश टँककडे येऊ. मासे अमोनिया सोडतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषासमान आहेत. नव्या टँकमध्ये हे जीवाणू पुरेसे नसतात, म्हणून मासे मरतात. यावर उपाय असा : आधी मासे न सोडता टँक तयार करावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून फिल्टर अखंड चालू ठेवावा. साबण किंवा सुगंध नसलेला शुद्ध अमोनिया थेंबाथेंबाने घालून, टेस्ट किटने पाहत, एका लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम एवढा ठेवावा. हे काम मोठ्यांनीच करावे; त्याचा वास घेऊ नये व ब्लीचिंगमध्ये तो कदापि मिसळू नये. आधी अमोनिया कमी होईल व नायट्राइट वाढेल, मग तेही उतरेल. जुन्या निरोगी टँकमधील स्पंजचा तुकडा मिळाल्यास काम लवकर होते. एकदा घातलेला अमोनिया 24 तासांत पूर्ण नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य आले, की टँक तयार. यास साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून थोडेच मासे सोडावेत.

मुलांनो, रिकाम्या टँककडे महिनाभर पाहत राहणे कंटाळवाणे वाटेल. परंतु रोजचे आकडे वहीत लिहिलेत, तर झुरिचच्या प्रयोगशाळेत जे घडले ते तुमच्या घरी घडताना दिसेल. मुक्या जीवास घरी आणण्यापूर्वी त्याच्या राहण्याची सोय करणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

— मुख्याध्यापक