पिठातल्या अळीची साक्ष

मध्यंतरी आमच्या शेंद्र्यात बचत गटाची बैठक होती. ज्वारी निवडता निवडता गप्पा चालल्या होत्या. गटातल्या एकीच्या सुनेला तिसरी मुलगी झालेली. सासूबाईंचं एकच पालुपद, हिच्या कुशीत मुलगाच नाही. सून बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली. मी नेहमीप्रमाणे समजावलं, की मुलगा-मुलगी होणं बाईच्या हातात नसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण पटलं कुणालाच नाही. मग एकीनं विचारलं, हे शोधलं तरी कुणी? तेव्हा मी सुपातल्या सोंड्याकडे बोट दाखवलं आणि नेटी स्टीव्हन्सची गोष्ट सांगितली.

नेटीचा जन्म ७ जुलै १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. वडील सुतारकाम करायचे. शिकलेल्या मुलींना तेव्हा तिथंही मास्तरकीशिवाय फारशा वाटा नव्हत्या. नेटीनं कितीतरी वर्षं शाळेत शिकवलं, ग्रंथालयात काम केलं, पैसे साठवले आणि १८९६ साली, वयाच्या पस्तिशीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. आपल्याकडे या वयात बाई लेकीच्या लग्नाचं बघायला लागते! पुढं ब्रिन मॉर या महिलांच्या महाविद्यालयातून १९०३ मध्ये तिनं डॉक्टरेट मिळवली.

गर्भ मुलाचा की मुलीचा हे आईच्या खाण्यापिण्यावर, हवेच्या उष्णतेवर ठरतं, असं त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञही मानायचे. नेटीनं अभ्यासाला घेतला जुन्या पिठात होणारा एक काळसर किडा. आपल्या सोंड्याचा लांबचा नातलगच म्हणा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिनं त्याच्या पेशींमधली गुणसूत्रं मोजली. मादीच्या पेशीत २० गुणसूत्रं, सगळी मोठी. नराच्या पेशीतही २०च, पण १९ मोठी आणि एक अगदी बारीक. म्हणजे मादीच्या प्रत्येक बीजात मोठीच गुणसूत्रं जाणार. नराचे मात्र निम्मे शुक्राणू बारीक गुणसूत्राचे आणि निम्मे त्याच्याशिवायचे. बारीकवाला शुक्राणू बीजाला मिळाला तर नर, नाहीतर मादी. १९०५ साली तिनं हे छापून प्रसिद्ध केलं. पुढं तिनं इतर भुंगेरे आणि माश्याही तपासल्या.

त्याच वर्षी एडमंड विल्सन हे नामवंत शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले. पुस्तकांमध्ये मोठेपणा बरीच वर्षं विल्सन आणि तिचे शिक्षक टी. एच. मॉर्गन यांच्याच नावावर जमा झाला. मॉर्गन यांना गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ मध्ये नोबेल मिळालं. नेटी तोवर राहिलीच नव्हती. ब्रिन मॉरनं तिच्यासाठी संशोधनाची खास जागा तयार केली होती, पण ती स्वीकारण्याआधीच ४ मे १९१२ रोजी स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. वय अवघं पन्नास. संशोधनाला हाती मिळालेली वर्षं जेमतेम दहा-बारा.

माणसातही तीच रीत आहे, हे पुढं सिद्ध झालं. बाईकडे दोन्ही एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स आणि एक बारकं वाय. बाई एक्सच देणार. एक्स येणार की वाय, हे पुरुषाच्या शुक्राणूवर. दर खेपेला साधारण निम्मी-निम्मी शक्यता. आधीच्या दोन मुलींचा तिसरीशी काही संबंध नाही.

हे ऐकून सासूबाई जरा चपापल्या. मग दोष माझ्या लेकाचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोष त्याचाही नाही. कुठला शुक्राणू पोचावा, हे त्याच्या तरी हातात कुठं आहे? आणि मुलगी झाली यात दोष शोधायचाच कशाला?

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, नेटीचा शोध त्याच्याही किती आधीचा! तरी बोलणी खायची सुनेनंच.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. सुनेनं मात्र मान वर केली आणि त्या बाईचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. पुढच्या बैठकीला घरच्या पुरुषांनाही बोलवायचं, असं आम्ही ठरवलंय. हा हिशेब त्यांनीही एकदा ऐकायला हवा.