निबंधलेखनाची शिस्त : विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे जीवन व लेखन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या जीवनाची व लेखनकार्याची रूपरेषा सांगता येईल.
• वाचन, मांडणी आणि सातत्य यांचा निबंधलेखनाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• प्रतिपक्षाचे म्हणणे मांडताना घ्यावयाची काळजी सोदाहरण विशद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पदवी अभ्यासक्रमात आपणांस प्रत्येक विषयाचे स्वाध्याय व निबंध लिहावे लागतात. ते तपासताना एक गोष्ट वारंवार आढळते. माहिती पुष्कळ असते, अक्षर नेटके असते. परंतु लेखकाला नेमके काय सांगावयाचे आहे, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. काही निबंधांत याच्या उलट घडते. मत ठाम असते, पण त्याला आधार नसतो. या दोन्ही दोषांचा विचार नियमांच्या यादीपेक्षा एखाद्या निबंधकाराच्या जीवनातून करणे अधिक उपयुक्त ठरते. म्हणून या घटकात आपण विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे चरित्र पाहणार आहोत. त्यांच्याकडून काय घ्यावे हे जसे पाहावयाचे आहे, तसेच काय घेऊ नये हेही पाहावयाचे आहे.

घडण : घर, महाविद्यालय आणि वाचन

विष्णुशास्त्री यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणारे नामवंत विद्वान होते. मराठी व्याकरणावर त्यांनी निबंध लिहिले होते आणि भाषांतरेही केली होती. भाषेविषयीची चर्चा घरातच होती, हे विष्णुशास्त्र्यांचे भाग्य.

१८६५ मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले व पुढे डेक्कन कॉलेजमध्ये गेले. मात्र बी. ए. होण्यास त्यांना १८७२ साल उजाडले. या दिरंगाईचे एक कारण आपण लक्षात घ्यावे. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचा ओढा अधिक होता. संस्कृत काव्य, इतिहास आणि इंग्रजी निबंधकार यांचे वाचन त्यांनी परीक्षेची पर्वा न करता केले. परीक्षेकडे दुर्लक्ष करा, असा याचा अर्थ नाही. परंतु निबंधाचा विषय हाती आल्यानंतर सुरू झालेले वाचन क्वचितच पुरे पडते, एवढा बोध निश्चित घ्यावा. ‘वाचन’ या विषयावर त्यांनी पुढे स्वतंत्र निबंध लिहिला, तो या अनुभवातूनच.

लेखनाची उमेदवारी त्यांनी दोन प्रकारे केली. पहिला प्रकार भाषांतराचा. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज लेखकाच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर वडिलांनी आरंभिले होते. ते मुलाने पूर्ण केले. दुसऱ्याचा विचार आपल्या भाषेत आणताना वाक्य कोठे तोडावे, कोठे जोडावे, याचा निर्णय पदोपदी करावा लागतो. हा सराव पुढे त्यांच्या कामी आला. दुसरा प्रकार समीक्षेचा. ‘शालापत्रक’ या मासिकात त्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी या पाच संस्कृत कवींवर लेख लिहिले. ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने ते पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

निबंधमाला : नोकरी सांभाळून केलेले लेखन

पदवीनंतर विष्णुशास्त्री शिक्षक झाले. सरकारी शाळेतील नोकरी करीत असतानाच जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. आपणांपैकी अनेक जण दिवसभर नोकरी वा शेती करून रात्री अभ्यासाला बसतात. लेखनासाठी सलग मोकळा वेळ मिळेल, तेव्हाच चांगले लेखन होईल, ही समजूत या उदाहरणाने दूर व्हावी. ठरलेल्या मुदतीत, ठरावीक पाने लिहावयाची हे बंधनच लेखकाला घडविते.

मालेतील निबंधांचे विषय पाहिले असता त्यांची दुसरी शिस्त ध्यानात येते. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती, भाषापद्धती, भाषांतर, इतिहास, अनुकरण, लोकभ्रम, वक्तृत्व असा प्रत्येक निबंधाचा विषय नेमका आखलेला आहे. पहिलाच निबंध घ्या. इंग्रजी शिकलेल्या वर्गाने मराठीची उपेक्षा केली आहे. ही भाषा मुळात दुबळी नसून तिचा वापर दुबळा आहे, असा त्याचा रोख आहे. हे प्रतिपाद्य एकदा पक्के झाले की कोणते उदाहरण घ्यावे आणि कोणते गाळावे, हे आपोआप ठरते. आपला निबंधही एका वाक्यात सांगता आला पाहिजे. तसे करता येत नसेल, तर लेखणी थांबवून पुन्हा विचार करावा.

तिसरी गोष्ट आधाराची. इतिहासाविषयी त्यांनी निबंध लिहिलाच. शिवाय १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. जुन्या बखरी, पत्रे व काव्ये छापून अभ्यासकांच्या हाती देणे हा त्याचा हेतू होता. इतिहासावर मत देणाऱ्याने मूळ साधने पाहिली पाहिजेत, हे तत्त्व येथे कृतीत उतरले. निबंध लिहिताना आपणही मार्गदर्शक पुस्तकावर न विसंबता मूळ ग्रंथ उघडावा, तो याचसाठी.

मर्यादा : प्रतिपक्षाशी व्यवहार

विष्णुशास्त्र्यांची लेखणी तिखट होती. त्यांच्या कीर्तीचे ते एक कारण होते. परंतु अभ्यासपर निबंधाच्या दृष्टीने तेच त्यांचे उणेपण होय. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्या लेखनावर त्यांनी केलेली टीका या दृष्टीने अवश्य वाचावी. फुले यांच्याविषयी लिहिताना त्यांनी व्याकरणाच्या चुकांवर व व्युत्पत्तींवर बोट ठेवले आणि उपहासाचा मार्ग पत्करला. शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर ठेवले गेले, हा फुले यांच्या विवेचनातील मूळ प्रश्न मात्र त्या उपहासाखाली अनुत्तरितच राहिला.

भाषाविज्ञानाचा अभ्यासक या नात्याने येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. प्रमाणभाषेचे नियम पाळणे ही औपचारिक लेखनाची रीत आहे. विचाराची सत्यता ही वेगळी बाब आहे. अशुद्ध ठरविलेल्या वाक्यातही खरा विचार असू शकतो आणि निर्दोष वाक्यातही पोकळ. आपली घरची बोली वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी असेल, तर त्याबद्दल संकोच बाळगू नये. निबंध प्रमाणभाषेत लिहावा, परंतु दुसऱ्याच्या विचाराचे मोल त्याच्या बोलीवरून ठरवू नये.

ज्याचे खंडन करावयाचे आहे, त्याचे म्हणणे आधी त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. मगच उत्तर द्यावे. या कसोटीला विष्णुशास्त्र्यांचे सर्व निबंध उतरत नाहीत. त्यांना आदर्श मानणाऱ्यानेही हे मान्य करण्यास कचरू नये.

अखेरची वर्षे

रत्नागिरीला बदली झाल्यानंतर १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. बाळ गंगाधर टिळक त्यांच्या सोबत होते आणि पुढे गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. निबंधमालेचा शेवट ‘आमच्या देशाची स्थिती’ या दीर्घ निबंधाने झाला. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सारांश

विष्णुशास्त्री यांच्या जीवनातून विस्तृत वाचन, निश्चित प्रतिपाद्य, मूळ साधनांचा आधार आणि नियमित लेखन हे चार गुण घेता येतात. प्रतिपक्षाला न्याय देण्याचा पाचवा गुण त्यांच्या उणिवेतून शिकावा लागतो. चारही गुण असलेला निबंध प्रभावी होईल. पाचवा असेल तरच तो विश्वसनीय ठरेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निबंधमालेतील कोणताही एक निबंध वाचून त्याचे प्रतिपाद्य एका वाक्यात लिहा.
२. ज्या मताशी आपण असहमत आहात, ते मत उपहास न करता दहा ओळींत मांडा व नंतर त्यास उत्तर द्या.
३. आपला मागील एखादा स्वाध्याय काढून त्यातील आधार नसलेली विधाने अधोरेखित करा.