सम्राट अशोक : कलिंगचा विजेता आणि त्यानंतरचा राजा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तो दिवस आपण अशोक विजयादशमी म्हणून पाळतो. विजय म्हटला की प्रश्न येतोच, कोणाचा कोणावर? लहान मुलंही सांगतात की कलिंगच्या लढाईत रक्ताचे पाट वाहिले, राजाला पश्चात्ताप झाला आणि तो बुद्धाला शरण गेला. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. ती लढाई मुळात झाली कशासाठी, आणि लढाईनंतर जवळजवळ तीस वर्षे त्या राजाने शेजाऱ्यांशी कसे वागायचे ठरवले, हे सांगायचे राहूनच जाते.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. तरुणपणी तो उज्जैनला राजप्रतिनिधी होता आणि विदिशेची देवी ही महेंद्र-संघमित्रेची आई, असे सिंहली ग्रंथ सांगतात. त्याच ग्रंथांत त्याने नव्व्याण्णव भाऊ मारल्याचेही लिहिले आहे. हा आकडा मनावर घेऊ नये. कारण अशोकाच्या स्वतःच्या शिलालेखात भावा-बहिणींच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. आधीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका नंतरचा उजळ दिसतो, म्हणून पुढच्या लोकांनी ती भर घातली असावी. गादीसाठी भांडण मात्र झाले असणार. राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमाराचा.

त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंगवर चाल केली. का केली? कलिंग म्हणजे आजच्या ओडिशाचा किनारा आणि त्याच्या दक्षिणेचा काही मुलूख. मगधातून दक्षिणेकडे जाणारी वाट तिथून जाई, समुद्रावरचा व्यापार तिथून चाले. पूर्वी नंद राजांचा तिथे अंमल होता, पुढे तो सुटला. ग्रीक माहितीवरून रोमन लेखक प्लिनीने कलिंगच्या राजाचे सैन्य नोंदले आहे : साठ हजार पायदळ, हजार घोडेस्वार आणि सातशे हत्ती. चारी बाजूंनी मौर्यांचे राज्य पसरलेले, आणि कुशीत असा स्वतंत्र शेजारी. कौटिल्याच्या नावावरचे अर्थशास्त्र आज ज्या रूपात आहे ते नंतरचे असे बरेच अभ्यासक मानतात, पण त्यातला विचार त्या काळच्या दरबारांना परका नसावा. लगतचा राजा हा स्वभावतः शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा तो आपला मित्र. म्हणजे शेजाऱ्याने काही आगळीक केलीच पाहिजे असे नाही. तो शेजारी आहे आणि बलवान आहे, एवढे पुरते. आपण तयारी करतो म्हणून तो करतो, तो करतो म्हणून आपण वाढवतो. आजचे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पंडित यालाच सुरक्षेचा पेच म्हणतात.

युद्धात काय झाले ते अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच लिहिले. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख ठार झाली, आणि त्याच्या कित्येक पट पुढे मेली. जे मेले नाहीत त्यांच्या आप्तांच्या वियोगाचे दुःखही त्याने मोजले आहे. जिंकलेल्या राजाने आपल्याच विजयाचा असा हिशेब दगडावर कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण जगात शोधावे लागेल. पण त्या लेखात युद्धाचे कारण नाही. कलिंगने काय अपराध केला, याबद्दल एक शब्द नाही. सांगण्यासारखे कारणच नव्हते, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आपण लपवू नये. हा पश्चात्तापाचा लेख गिरनारला आहे, वायव्येला शाहबाजगढीला आहे, कंदाहारला ग्रीक भाषेतही त्याचा भाग सापडला. कलिंगमध्ये मात्र तो नाही! धौली आणि जौगड इथल्या खडकांवर अकरा ते तेरा हे लेख गाळले आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांना राजाने आकडे वाचून दाखवले नाहीत. कलिंग परतही दिला नाही. धरून नेलेले दीड लाख घरी आले असे कुठे लिहिलेले नाही.

त्या जागी दोन वेगळे लेख आहेत. एकात तोसलीच्या अधिकाऱ्यांना ताकीद आहे : विनाकारण कुणाला कैदेत टाकू नका, छळू नका; आणि हे पाहायला दर पाच वर्षांनी माणूस पाठवीन. दुसऱ्यात सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांना सांगितले आहे की माझी भीती बाळगू नका, माझ्याकडून तुम्हाला सुखच मिळेल. अर्थशास्त्राच्या नेमके उलटे! शेजाऱ्याच्या मनातली भीती घालवणे हेच त्याने राज्याचे काम केले.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. उपासक झाल्यावर सुरुवातीला आपण फारसा उत्साह दाखवला नाही, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. अभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि शिकारीच्या सहली बंद करून धम्मयात्रा सुरू केल्या. हे सांगणाऱ्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्याच नालासोपाऱ्याला मिळाला.

मग धम्मविजय. सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा टॉलेमी यांच्यासह पाच यवन राजे, दक्षिणेत चोळ, पांड्य, खाली ताम्रपर्णीपर्यंत, सगळ्यांशी त्याने संबंध ठेवले. शेजारी राज्यांतही माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचे तो सांगतो. तरी तो भाबडा नव्हता. त्याच तेराव्या लेखात अरण्यातल्या लोकांना समजावताना, पश्चात्ताप झाला तरी राजाच्या हाती बळ आहे, याची आठवण दिली आहे. सैन्य मोडल्याचा पुरावा नाही. अहिंसेने साम्राज्य दुबळे केले, असा आरोप करणाऱ्यांनी हे वाचावे.

केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये युद्धाची कारणे तीन ठिकाणी शोधली : माणसाच्या स्वभावात, राज्याच्या अंतर्गत रचनेत, आणि ज्यांच्यावर कुणी पंच नाही अशा राज्यांच्या गोतावळ्यात. अशोकाने स्वतःला बदलले, जमेल तितके राज्यही. मुला-नातवांनी नवा शस्त्रविजय मनात आणू नये, आणलाच तर दंड सौम्य ठेवावा, असेही कोरले. गोतावळा मात्र एकट्याने बदलण्यासारखा नव्हता.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास तो गेला. पन्नासेक वर्षांत मौर्यांचे राज्य संपले. पुढे कलिंगला खारवेल राजा झाला. धौलीपासून काही मैलांवर उदयगिरीच्या हाथीगुंफेत त्याचा लेख आहे. झिजलेला आहे, पण वाचकांनी लावलेला अर्थ असा : त्याने मगधावर स्वारी केली, तिथल्या राजाला पायाशी वाकवले, आणि नंद राजाने नेलेली जिनमूर्ती परत आणली. मूर्ती गेली ती अशोकाच्याही आजोबांच्या आधी. कलिंगने ती विसरली नव्हती.