महर्षी अण्णासाहेब कर्वे

सन १८७५ मध्ये कोकणातील मुरूड गावची काही मुले साताऱ्यास जाण्यासाठी पायी निघाली. सरकारी नोकरीस उपयोगी पडणारी एक मराठी परीक्षा तेथे व्हावयाची होती. अंतर शंभर मैलांहून अधिक, मध्ये सह्याद्रीचा घाट आणि दिवस पावसाळी. चार दिवस चालून मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. त्या मुलांत धोंडू कर्वे हा किरकोळ बांध्याचा मुलगा होता. त्याचे वय पुरेसे होते. परंतु तो लहान दिसतो, एवढ्यावरून त्यास परीक्षेस बसू दिले नाही आणि तो आल्या पावली परत फिरला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे मॅट्रिक होण्यास त्यांना तेविसावे वर्ष उजाडले. मुंबईस शिकवण्या करीत त्यांनी शिक्षण पुरे केले व १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी विवाह केला. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. मुरूडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. गावी राहणाऱ्या आईला व भावालाही त्याची झळ सोसावी लागली.

एका विधवेचा विवाह झाल्याने बाकीच्यांचे दुःख सरत नाही, हे अण्णासाहेबांनी ओळखले. तरुण विधवांनी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, यासाठी त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली. पुण्याजवळ हिंगणे येथे रावबहादुर गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि त्या माळावर १९०० साली एका झोपडीत आश्रमाचा संसार सुरू झाला. दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवावे, सायंकाळी आश्रमास लागणारे जिन्नस बरोबर घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जावे व तेथे मुलींना शिकवावे, असा अण्णासाहेबांचा क्रम होता.

मुंबई विद्यापीठाने १८८३ पासून स्त्रियांना आपले दार उघडले होते. कायद्याने कोणतीही आडकाठी उरली नव्हती. तरी त्या दारातून आत जाणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. याचे कारण हिंगण्यास रोज डोळ्यांसमोर दिसत होते. आश्रमात येणारी एखादी विधवा विशीत असे आणि तिची मुळाक्षरांपासून सुरुवात असे. मॅट्रिकची परीक्षा इंग्रजीतून द्यावयाची. म्हणजे विषय समजण्याआधी परकी भाषा शिकण्यातच तिची निम्मी वर्षे जावयाची. सारी व्यवस्था लहान वयात शाळेत गेलेल्या मुलग्यांच्या मापाने बेतलेली होती. ज्या स्त्रीचे माप निराळे होते, तिला उघडे दारही बंद असल्यासारखेच होते.

१९१५ साली टपालाने एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तीत जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती होती. त्याच वर्षअखेर मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा आणि गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात स्थान असावे, अशी ती योजना होती. १९१६ साली विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले व रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रियांना पदवी मिळाली. तिचे नावही संस्कृत होते : गृहीतागमा.

या योजनेस विरोध करणारे सारेच सनातनी नव्हते. निराळे विद्यापीठ म्हणजे हलके विद्यापीठ, असे अनेक सुधारकांचे मत होते. ज्या पदवीस सरकारची मान्यता नाही, ती घेऊन मुलींनी करावे काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैरवाजवी नव्हता. स्त्रीचे प्रमुख कार्य घरातच, हा अण्णासाहेबांचा समजही आज पटण्यासारखा नाही. मात्र ज्या स्त्रियांना दुसरा कोणताच मार्ग नव्हता, त्यांना थांबवून ठेवणे त्यांस मान्य नव्हते.

त्यांच्या कार्यास आणखी एक मर्यादा होती. आरंभीच्या काळात आश्रमाची दारे ब्राह्मणेतर मुलींना मोकळी नव्हती. विठ्ठल रामजी शिंदे हे आपली बहीण जनाबाई हिला घेऊन आले असता तिला प्रवेश मिळाला नाही. आधीच विधवांच्या शिक्षणाने खवळलेला समाज आणखी दुरावेल, ही भीती त्यामागे होती. पण तिची किंमत एका शिकू इच्छिणाऱ्या मुलीला द्यावी लागली. जातिभेद व असमानता यांविरुद्ध अण्णासाहेबांनी १९४४ साली समता संघ स्थापन केला, तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते.

विद्यापीठासाठी त्यांनी गावोगाव फिरून निधी जमविला. कोणी चार आणे दिले तरी ते आनंदाने घेत. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली व विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तरीही अण्णासाहेब स्वस्थ बसले नाहीत. सत्तरी उलटल्यावर १९२९ साली ते युरोप, अमेरिका व जपान येथे गेले. पुढे आफ्रिकेतही जाऊन तेथील भारतीयांकडून त्यांनी विद्यापीठास साहाय्य मिळविले.

सरकारमान्यतेसाठी मात्र तेहतीस वर्षे वाट पाहावी लागली. १९४९ साली मुंबई राज्यात त्यासाठी कायदा झाला, तेव्हा अण्णासाहेबांनी नव्वदी ओलांडली होती. १९५८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. हिंगण्याच्या ज्या माळावर ती झोपडी उभी राहिली होती, तो भाग आज कर्वेनगर या नावाने ओळखला जातो.