धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा

आरे कॉलनीतील एखाद्या घरचा माणूस जे. जे. रुग्णालयात असला, तर त्याला भेटायला गेलेली मंडळी गोरेगावची गाडी पकडून रात्री आपल्या घरी परत येतात. पण विदर्भातून, मराठवाड्यातून किंवा कोकणातून रुग्णाला घेऊन आलेल्या गरिबांनी रात्री कोठे जावे? या मोठ्या शहरात त्यांच्या ओळखीचे कोणी नसते. जवळचे पैसे औषधांवर संपतात. मग रुग्णालयाबाहेरची फरशी हेच त्यांचे अंथरूण होते. अशा माणसांच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून एका माणसाने आयुष्यभर धडपड केली. त्याला स्वतःचे घर मात्र नव्हते. ते होते संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनाला बळी पडले. तेव्हा डेबूजी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन दापुरे या गावी आपल्या माहेरी आली. तेथे डेबूजी मामाची गुरे राखू लागला. मोठा झाल्यावर तो शेतीच्या कामात तरबेज झाला. शाळेत जाण्याचे भाग्य मात्र त्याला लाभले नाही. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची शेती गेली. अक्षरओळख नसली की माणूस कसा फसतो आणि व्यसनाने घर कसे उद्ध्वस्त होते, हे डेबूजीने लहानपणीच पाहिले.

१८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. मुलीच्या बारशाला जातीच्या लोकांना दारू पाजण्याची तेव्हा रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले, पण तो डगमगला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात झाडू आणि मातीचे एक गाडगे, एवढेच त्यांचे सामान. गाडग्यातच जेवायचे आणि त्यातूनच पाणी प्यायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावात गेले की बाबा आधी झाडू हाती घेत. रस्ते झाडत, गटारे साफ करत. काम झाल्यावरच कोणाच्या तरी दारी भाकरी मागत. फुकटचे अन्न त्यांना नको असे. दिवसा गाव स्वच्छ झाले की रात्री त्यांचे कीर्तन होई. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, हसवत आणि विचार करायला लावत. मुलांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, जातपात मानू नका, हेच ते साध्या वऱ्हाडी बोलीत सांगत.

यात्रेच्या गावी बाबांना एक गोष्ट फार खटके. श्रीमंतांना उतरायला वाडे होते. गरीब यात्रेकरू उघड्यावर, थंडीपावसात झोपत. त्यातही अस्पृश्य मानलेल्या लोकांचे हाल कोणी पाहू नयेत असे होते. पंढरपूरला ते मैलोन् मैल चालत येत. पण देवळात त्यांना प्रवेश नव्हता आणि गावात त्यांना कोणी जागा देत नसे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार त्यांच्यासाठी उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी या लोकांसाठी पंढरपुरात धर्मशाळा बांधली. धर्मशाळा म्हणजे प्रवाशांना मोफत किंवा अल्प पैशांत उतरण्याची जागा, अर्थात मुसाफिरखाना. हज यात्रेकरूंसाठी मुंबईत मुसाफिरखाने बांधले गेले, तसेच हे काम होते. या धर्मशाळेला संत चोखामेळ्याचे नाव दिले. पुढे बाबांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

नाशिक, आळंदी, देहू अशा अनेक ठिकाणी बाबांनी धर्मशाळा उभारल्या. त्यासाठी पैसा कोठून आला? बाबांजवळ तर फुटकी कवडीही नव्हती. पण त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता. कीर्तन ऐकून व्यापारी पैसे देत, शेतकरी धान्य देत. ज्याच्याजवळ काहीच नसे, तो आपले श्रम देई. दगड उचलणारा मजूर आणि हजारो रुपये देणारा शेठ, दोघेही बाबांना सारखेच. लाखो रुपये जमले, पण त्यातला एक पैसाही बाबांनी स्वतःसाठी घेतला नाही. संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांच्या हाती दिला. आपल्या नातेवाइकांचा या धर्मशाळांवर कसलाही हक्क राहणार नाही, अशी व्यवस्थाही त्यांनी केली. लोकांनी दिलेला पैसा ही लोकांची अमानत आहे, असे ते मानत.

हे व्रत सोपे नव्हते. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बापाच्या काळजाला काय वाटले असेल! तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. समोर बसलेली शेकडो माणसेही त्यांना आपलीच वाटत होती.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी 'श्री गाडगेबाबा मिशन' ही संस्था स्थापन झाली. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाबांनी धर्मशाळा उभी केली. रुग्णाला डॉक्टर औषध देतात, पण त्याची काळजी घेणाऱ्यांकडेही कोणीतरी पाहायला हवे, हे बाबांनी ओळखले होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईच्या वांद्रे उपनगरात पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. बाबांना त्याचे फार दुःख झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ प्रवासातच बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर इतरांसाठी निवारा बांधणारा हा माणूस अखेरच्या क्षणीही वाटेवरच होता.

बाबांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी लांबून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे राहतात. तेथे कोणाची जात किंवा धर्म विचारला जात नाही.

मुलांनो, इमारत बांधायला पैसा लागतो हे खरे. पण बाबांनी सुरुवात पैशाने केली नाही, झाडूने केली. झाडू तर प्रत्येकाच्या घरी असतो.

शब्दार्थ
परीट – धोबी
निवारा – आसरा, राहण्याची जागा
उद्ध्वस्त होणे – बरबाद होणे
अमानत – सांभाळण्यासाठी सोपवलेली वस्तू, ठेव
विश्वस्त – संस्थेचा कारभार पाहणारा, ट्रस्टी
देह ठेवणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डेबूजीला लोक गाडगेबाबा का म्हणू लागले?
(आ) जे. जे. रुग्णालयाची धर्मशाळा कोणासाठी उभारली?
२. धर्मशाळांसाठी लोकांनी कोणकोणत्या प्रकारे मदत केली, ते पाच-सहा ओळींत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : डगमगणे, हाल होणे, सोपवणे.
४. तुमच्या वस्तीजवळ उघड्यावर राहणाऱ्या लोकांसाठी तुमचा वर्ग काय करू शकेल? चर्चा करा.